प्रौढ बौद्धिक दिव्यांगांची निवासी देखभाल : दर्जा नेमका कुठे बघायचा?

अनवट

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी निवासी घर बघायला गेलं की बहुतेक जण इमारत, स्वच्छता, खोल्या आणि कागदपत्रं बघून येतात. ते बघावंच. पण फरशी चकचकीत आणि माणसं मात्र दिवसभर भिंतीला टेकून बसलेली, अशीही घरं असतात. म्हणून हा धागा काढतो आहे. दर्जा कुठे बघायचा, काय मोजायचं, काय विचारायचं? या कामाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांनी बारकाव्यांसह लिहावं.

सुरुवात मी करतो. जेवणाची आणि आंघोळीची वेळ टाळून, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात अर्धा तास बसा. एक रहिवासी मनात ठरवा. दर मिनिटाला घड्याळ बघून वहीत दोन खुणा करायच्या. पहिली : या क्षणी ती व्यक्ती काही करते आहे का? काम, खेळ, गप्पा, काहीही चालेल. दुसरी : या मिनिटात कुणी कर्मचारी तिच्याशी बोलला का? समोर टीव्ही चालू आहे एवढ्यावर 'करते आहे' धरू नका, ती बघत असेल तरच धरा. ३० मिनिटांत पहिल्या खुणा चार-पाच आणि दुसऱ्या एक-दोन आल्या, तर माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो, त्या घरातला दिवस रिकामा आहे. एका भेटीवर मात्र ठरवू नका. वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी पुन्हा बसा.

इंग्लंडमधले संशोधक जिम मॅन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण अशाच क्षणाक्षणाच्या नोंदींवरून घरांचा दर्जा अभ्यासला. मोठ्या संस्थेतून छोट्या घरात हलवलं की आयुष्य सुधारतं, पण आपोआप सुधारत नाही, हे त्यातून दिसलं. फरक पडतो तो कर्मचारी हातातलं काम स्वतः उरकतात की रहिवाशासोबत करतात याने. या पद्धतीला 'ॲक्टिव्ह सपोर्ट' म्हणतात, आपण 'सक्रिय साथ' म्हणू.

उदाहरण म्हणून वॉशिंग मशीन घ्या. 'तिला मशीन लावता येत नाही' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. पण मशीन लावणं म्हणजे आठ-दहा छोटी कामं आहेत : बादली उचलून आणणं, झाकण उघडणं, एकेक कपडा आत टाकणं, पावडरचं माप ओतणं, झाकण लावणं, बटण दाबणं. यातलं एक जरी जमत असेल तर ते तिचं काम. मदतीची पायरी खालून वर चढवायची. आधी नुसतं थांबायचं, मग शब्दाने सुचवायचं, मग बोटाने दाखवायचं, मग करून दाखवायचं, आणि शेवटी हाताला हात लावून. थांबणं हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. सांगितल्यावर कृती सुरू व्हायला काहींना १०-१५ सेकंद लागतात आणि तिसऱ्या सेकंदाला कर्मचाऱ्याचा हात पुढे येतो. असं वर्षभर झालं की ती व्यक्ती हात उचलणंच सोडून देते, आणि मग फाइलमध्ये 'पूर्ण अवलंबून' असा शेरा पडतो.

मधुमालती

चांगला धागा. मी आरोग्याबद्दल लिहिते, कारण दर्जा घसरल्याची किंमत शेवटी तिथेच मोजावी लागते. इंग्लंडमध्ये २०१३ साली अशा व्यक्तींच्या अकाली मृत्यूंची एक मोठी गोपनीय चौकशी प्रसिद्ध झाली. बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत १३ वर्षं, तर स्त्रिया २० वर्षं आधी जातात, असं तिच्यात आढळलं. यातले कितीतरी मृत्यू टाळता येण्याजोगे होते. कारणंही दुर्मीळ नसतात : न्यूमोनिया, फिट आणि चक्क बद्धकोष्ठता.

बद्धकोष्ठतेबद्दल सविस्तर लिहिते, कारण घर बघायला आलेलं कुणीच त्याबद्दल विचारत नाही. हालचाल कमी, पाणी कमी, स्नायूंचा ताण कमी किंवा जास्त, आणि वर औषधं. क्लोझापिन (तीव्र मानसिक आजारावरचं), ट्रायहेक्सीफेनिडिल (थरथर आणि ताठरपणावरचं), लोहाच्या गोळ्या, कोडीन (वेदनाशामक) हे सगळे आतड्याची गती मंदावतात किंवा मळ घट्ट करतात. क्लोझापिनमुळे आतडं पूर्ण थांबून माणूस दगावू शकतो. त्यात रहिवाशाला 'पोट दुखतंय' असं शब्दांत सांगता येत नाही. तो डोकं आपटतो, जेवण ढकलतो, रात्री उठून फेऱ्या मारतो.

घरात शौचाचा तक्ता आहे का, ते विचारा. असेल तर मागच्या महिन्याचा बघायला मागा. नुसती 'झाली / नाही झाली' अशी नोंद अपुरी आहे. तारीख, वेळ, अंदाजे प्रमाण, मळाच्या घट्टपणाच्या ब्रिस्टल तक्त्यातला प्रकार आणि बघणाऱ्याची सही, एवढं हवं. ब्रिस्टल तक्त्यात १ ते ७ प्रकार असतात. १ आणि २ म्हणजे कडक खडे, ३-४ ठीक, ६-७ पातळ.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, जो स्वतः संडासला जातो त्याची नोंदच नसते, कारण 'तो स्वावलंबी आहे'. जास्त धोका त्यालाच. दुसरी चूक याहून वाईट. आत मळ अडकून घट्ट झाला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि कपडे खराब होतात. तक्त्यावर '७' पडतो, कुणीतरी जुलाब थांबवायचं औषध देतं किंवा चालू असलेलं रेचक बंद करतं. आधीचे चार-पाच दिवस कोरडे आणि मग अचानक थोडंथोडं पातळ, असं दिसलं तर जुलाब समजू नका, डॉक्टरांकडून पोट तपासून घ्या.

औषधाआधी बसण्याची पद्धत सुधारा. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर पायाखाली स्टूल द्या, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यायला हवेत. जेवणानंतर २०-३० मिनिटांनी आतड्याची हालचाल वाढते, तेव्हा बसवा, घाई करू नका. पोट फुगून टणक झालं, उलटी झाली, गॅसही सरत नाही, जेवण बंद, अशी लक्षणं दिसली तर उद्यावर ढकलायचं नाही. त्याच दिवशी रुग्णालय.

शब्दवेध

मधुमालतींच्या मुद्द्याला जोडूनच एक धोका सांगते. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांचं पाणी थिकनर घालून घट्ट करतात. बद्धकोष्ठतेसाठी मॅक्रोगोलचं रेचक सर्रास दिलं जातं. स्टार्चच्या थिकनरने घट्ट केलेल्या पाण्यात मॅक्रोगोल मिसळलं की तो घट्टपणा मोडतो आणि पेय पुन्हा पातळ होतं. कर्मचाऱ्याला वाटतं आपण सांगितल्याप्रमाणेच दिलं, आणि ते पाणी श्वासनलिकेत उतरतं. अशा व्यक्तीचं रेचक आणि थिकनर एकत्र चालतात का, हे फार्मासिस्टला विचारून ठेवा. गम प्रकारच्या थिकनरमध्ये ही अडचण सहसा येत नाही.

गिळण्याबाबत घराचा दर्जा तपासायचा तर जेवणाच्या वेळी जा. 'मऊ जेवण देतो' हे उत्तर पुरेसं नाही. अन्न-पेयांच्या घट्टपणाच्या आंतरराष्ट्रीय मापात, म्हणजे इड्सीमध्ये, ० ते ७ पातळ्या आहेत. प्रौढांसाठी पाचव्या पातळीत घासातला कण साधारण ४ मिमीचा, म्हणजे साध्या काट्याच्या दोन दात्यांमधल्या फटीएवढा. सहाव्या पातळीत तुकडा जास्तीत जास्त दीड सेंटिमीटरचा, आणि काट्याच्या कडेने दाबला तर तुटणारा. पेयाचा घट्टपणा तपासायला १० मिली सिरिंज पुरते. नोझलवर बोट धरा, १० मिलीपर्यंत भरा, बोट काढून १० सेकंद वाहू द्या, मग पुन्हा धरा. आत १ ते ४ मिली उरलं तर पहिली पातळी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, ८ पेक्षा जास्त उरलं तर तिसरी. चौथ्या पातळीचं पेय सिरिंजमधून वाहतच नाही, ते चमचा कलता करून तपासतात. प्रत्येक सिरिंजची लांबी सारखी नसते. १० मिलीपर्यंतची पट्टी ६१.५ मिमी भरते का ते मोजून घ्या, नाहीतर निकाल चुकतो. 'चमचाभर घालतो' असं उत्तर आलं तर कुठला चमचा, किती पाण्यात, किती वेळ ठेवून, हे विचारा. तीन कर्मचाऱ्यांनी तीन वेगळी उत्तरं दिली तर त्या घरात रोज तीन वेगवेगळी पेयं बनत असतात.

भरवणाऱ्याकडेही बघा. तो उभा राहून भरवतो की बसून? उभ्याने भरवलं की खाणाऱ्याची मान वर जाते आणि श्वासनलिकेची वाट मोकळी होते. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवताना खोकला, ओला घोगरा आवाज, डोळ्यांत पाणी, किंवा दर दोन-तीन महिन्यांनी 'छातीत कफ' अशी नोंद असेल तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी झालीच पाहिजे. काही जण खोकल्याशिवायच श्वासनलिकेत घेतात, त्यामुळे खोकला नाही म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

दात हाही याच धाग्यातला भाग. तोंड अस्वच्छ असेल तर लाळेबरोबर जंतू फुप्फुसात जातात. 'ब्रश होतो का' असं विचारू नका. 'शेवटचं तोंडात डोकावून कुणी आणि कधी पाहिलं' असं विचारा.

पाऊलवाट

वर्तनाबद्दल लिहितो. फाइलमध्ये 'आक्रमक', 'हट्टी', 'लक्ष वेधून घेतो' हे शब्द दिसले की मी पुढचं पान उलटून कारण शोधतो. कारण बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

प्रत्येक घटनेची तीन रकान्यांत नोंद हवी : आधी काय घडलं, त्याने नेमकं काय केलं, नंतर लगेच काय झालं. 'चिडला' असं लिहून उपयोग नाही. 'उजव्या हाताने स्वतःच्या कानावर सहा-सात वेळा मारलं' असं लिहिलं तर कान तपासायची बुद्धी होते. दाढ, कान, पित्त, मासिक पाळी, चष्म्याचा चुकलेला नंबर, नवे बूट, इतकी साधी कारणं निघतात. दुखण्याची लक्षणं अपंगत्वाच्या खात्यात टाकण्याच्या या चुकीला 'डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग' म्हणतात. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन राइस आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मानसिक आजारांच्या संदर्भात हे नाव दिलं. निदानाची सावली इतकी गडद पडते की खालचा आजार दिसत नाही. वर्तन अचानक बदललं असेल तर आधी शरीर तपासा. मानसोपचाराची चिठ्ठी त्यानंतर.

औषधांचं तर फारच गंभीर आहे. इंग्लंडच्या पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार तिथे रोज ३०,००० ते ३५,००० बौद्धिक दिव्यांग प्रौढ योग्य वैद्यकीय कारण नसताना अँटिसायकोटिक (तीव्र मानसिक आजारांवरची औषधं), नैराश्यावरची औषधं किंवा दोन्ही घेत होते. पुढच्याच वर्षी ही औषधं कमी करण्यासाठी तिथे 'स्टॉम्प' मोहीम सुरू झाली. त्याच २०१६ मध्ये ऑलिव्हर मॅकगोवन हा १८ वर्षांचा तरुण रुग्णालयात मरण पावला. त्याला अँटिसायकोटिक सोसत नाहीत हे तो स्वतः आणि घरचे सांगत असूनही ओलान्झापिन हे त्याच गटातलं औषध दिलं गेलं होतं. २०२२ च्या कायद्याने तिथल्या आरोग्य आणि देखभाल सेवांना बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नतेचं प्रशिक्षण सक्तीचं झालं, ते याच मुलाच्या नावाने ओळखलं जातं.

म्हणून घराला विचारा : कोण अँटिसायकोटिकवर आहे, कशासाठी, कधी सुरू झालं, शेवटचा आढावा कधी झाला? वर्तनासाठी दिलेल्या गोळीचा सहा आठवड्यांत उपयोग दिसला नाही तर ती थांबवण्याचा विचार व्हायला हवा. मात्र वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी कुणी परस्पर बंद करू नये. मात्रा थोडीथोडी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायची आणि त्या काळात वर्तनाची नोंद रोज ठेवायची. कमी केल्यावर दोन-चार आठवडे अस्वस्थता वाढू शकते. तेवढ्यावरून 'बघा, गोळी लागतेच' असा निष्कर्ष काढून पुन्हा पूर्ण मात्रा सुरू होते, आणि प्रयत्न तिथेच संपतो.

'गरजेनुसार' लिहून दिलेल्या गोळीचं वेगळं पान हवं : कोणती लक्षणं दिसल्यावर, त्याआधी काय करून बघायचं, दोन मात्रांत किती अंतर, दिवसात कमाल किती, दिल्यावर परिणाम काय झाला. ही गोळी ठरावीक कर्मचाऱ्याच्या पाळीतच दिली जाते का, हे तारखांवरून कळतं. तेवढं एक काम केलंत तरी घराबद्दल पुष्कळ समजेल.

हिशेबवही

पैशाबद्दल थोडक्यात. प्रत्येक रहिवाशाची रोख वेगळ्या पाकिटात, वेगळी वही, प्रत्येक खर्चाला पावती आणि दोन सह्या. शिल्लक रोज पाळी बदलताना मोजायची. पावत्या चाळताना तीन गोष्टी बघा. पहिली, सोबत गेलेल्या कर्मचाऱ्याच्या जेवणाचा खर्च रहिवाशाच्या खात्यात पडतो का. दुसरी, बैठकीच्या खोलीतली खुर्ची किंवा टीव्ही कुणा एकाच्या पैशातून आला आहे का. तिसरी, सगळ्यांच्या नावावर एकाच दिवशी एकाच रकमेची खरेदी आहे का. सहा जणांना एकाच दिवशी एकाच मापाचे शर्ट लागत नाहीत.

दीपमाळ

इथे कुणी छळाबद्दल लिहिलेलं नाही. २०११ मध्ये बीबीसीने ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातलं चित्रण दाखवलं. रुग्णांना मारहाण होत होती, त्यांना खुर्चीखाली दाबून धरलं जात होतं. ११ कर्मचारी दोषी ठरले, त्यातले सहा तुरुंगात गेले. तिथल्या एका वरिष्ठ परिचारकाने व्यवस्थापनाला आणि नियामक संस्थेला आधीच कळवलं होतं, कुणी हललं नाही. २०१९ मध्ये व्हॉर्लटन हॉल या इंग्लंडमधल्याच दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा तेच, आणि त्या जागेला नियामकांनी आधी 'चांगलं' असा शेरा दिलेला होता. शेऱ्यावर विसंबायचं नाही. माझ्या मते बैठकीच्या खोलीत, मार्गिकेत आणि जेवणाच्या जागी कॅमेरे असलेच पाहिजेत.

मधुमालती

दीपमाळ, तुमची कळकळ समजते, पण कॅमेऱ्यांबद्दल मी सहमत नाही. ज्याला कधीच एकटं सोडलं जात नाही, त्याचं उरलंसुरलं खासगीपण त्याने जातं. शिवाय मारहाण न्हाणीघरात, झोपायच्या खोलीतही होते, आणि तिथे कॅमेरा लावता येणारच नाही. बंद दारामागची संस्कृती आधीच दिसू लागते. कुटुंबाला 'आधी फोन करून या' असं बंधन. बाहेरचं कुणी न येणं : ना स्वयंसेवक, ना थेरपिस्ट, ना शेजारी. कर्मचाऱ्यांत एकाच घरातली, नात्यातली माणसं. रहिवाशांना ठेवलेली टोपणनावं. 'याला असंच सांगावं लागतं' हे वाक्य. आणि अंगावरच्या जखमांची नोंद 'कारण माहीत नाही' एवढीच. शरीराच्या आराखड्यावर जखमेची जागा, माप, रंग, तारीख लिहून ठेवली तर दंडाच्या आतल्या बाजूचे बोटांचे वळ लपत नाहीत. पडल्यावर नडगी, गुडघा, कोपर, कपाळ खरचटतं. दंडाच्या आतल्या बाजूला, कानाला, मांडीच्या आत पडून सहसा लागत नाही.

दीपमाळ

जखमांच्या जागेचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो मान्य. कॅमेऱ्याबाबत रहिवाशाला विचारून, जिथे त्याला चालेल तिथेच, एवढी मुरड घालायला तयार आहे. पण जो बोलू शकत नाही त्याच्या बाजूने पुरावा कोण देणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आणखी एक. धरून ठेवायची वेळ आलीच तर पालथं पाडून छातीवर किंवा पाठीवर वजन देणं जिवावर बेतू शकतं. श्वास कोंडतो, आणि 'श्वास घेता येत नाही' हे त्याला सांगता येत नाही. प्रत्येक वेळी धरल्याची वेगळी नोंद, मिनिटांसह, हवी. 'आमच्याकडे कधीच लागत नाही' असं उत्तर मिळालं तर दाराला बाहेरून कडी, खुर्चीला पट्टा, हातात मोजे, काढून ठेवलेली चाकाची खुर्ची हेही बघून घ्या. तीही अडवणूकच असते.

रात्रपाळी

रात्रीचं कुणी विचारत नाही म्हणून लिहितो. रात्री कर्मचारी जागा असतो की झोपलेला, आणि किती जणांमागे किती? अपस्मार असलेली व्यक्ती घरात असेल तर हा प्रश्न जिवाचा आहे. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर ठरवून दिलेलं तातडीचं औषध द्यायचं असतं, उदाहरणार्थ गाल आणि हिरडी यांच्यामध्ये सोडायचं मिडाझोलाम. पाच मिनिटं अंदाजाने कळत नाहीत, घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही पाच वाटतं, म्हणून आधी घड्याळ बघायचं. तोंडात काही घालायचं नाही, झटके थांबले की कुशीवर वळवायचं. हे औषध कपाटात कुलूपबंद आणि किल्ली दिवसपाळीच्या खिशात, असा प्रकार नाही ना, ते बघा. रहिवासी बाहेर फिरायला जातो तेव्हा औषध सोबत जातं का, तेही.

आंघोळ : अपस्मार असेल तर टबापेक्षा शॉवर, आतून कडी नाही, आणि टब वापरायचाच तर कुणीतरी सतत जवळ. २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये कॉनर स्पॅरोहॉक हा १८ वर्षांचा तरुण उपचार केंद्राच्या टबात फिट येऊन बुडाला. त्याला अपस्मार आहे हे तिथे माहीत होतं. मृत्यू-चौकशीत हलगर्जीपणा हे एक कारण ठरलं.

गरम पाण्याचा प्रश्न दुहेरी आहे. टाकीत पाणी ६० अंशांवर साठवायला हवं, नाहीतर लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू वाढतो. नळातून मात्र टबासाठी ४४ अंशांपेक्षा जास्त येता कामा नये. म्हणून मधे गरम-गार पाणी मिसळणारी झडप लागते आणि ती वेळोवेळी तपासावी लागते. हात बुडवून ठरवायचं नाही, थर्मामीटर आणि नोंदवही. ज्याला चटका जाणवत नाही किंवा ओरडता येत नाही, त्याच्यासाठी दुसरा इलाज नाही.

अनवट

खूप उपयोगी भर. एक विचारतो, वय वाढलेल्यांसाठी काय वेगळं बघायचं? डाऊन सिंड्रोम असलेले पन्नाशीतले बरेच जण आता अशा घरांत असतात.

मधुमालती

डाऊन सिंड्रोममध्ये अल्झायमरचे मेंदूतले बदल चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांत दिसतात, लक्षणं पुष्कळांना पन्नाशीत. इथे गोम अशी की विसरभोळेपणा ओळखायला आधी काय येत होतं ते माहीत हवं. म्हणून तिशीतच एकदा कौशल्यांची नोंद करून ठेवायची : कपडे कोणत्या क्रमाने घालतो, जिना कसा उतरतो, किती जणांची नावं सांगतो. जमलं तर व्हिडिओ. पंधरा वर्षांनी तीच तुलना उपयोगी पडते.

पण हळूहळू मागे पडणारा प्रत्येक जण स्मृतिभ्रंशाचा नसतो. थायरॉइड वर्षातून एकदा तपासा. ऐकू कमी येणं, कानातला मळ, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, हे सगळं तसंच दिसतं आणि त्यातलं बरंच बरं होतं. मानेचे पहिले दोन मणके सैल असण्याची शक्यताही लक्षात ठेवा. चाल बिघडली, मान धरून बसू लागला, लघवीवरचा ताबा गेला तर ते वयावर ढकलू नका.

आणि वजन. दर महिन्याला, त्याच काट्यावर. तीन ते सहा महिन्यांत १० टक्के घटलं तर कुणाला तरी कळवणं भाग आहे. काही घरांत वजन टिपलं जातं, पण मागच्या महिन्याशी ताडून कुणी बघत नाही.

शब्दवेध

निवडीबद्दलही लिहायला हवं. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार २००६ चा. त्याच्या कलम १२ मध्ये कायद्यापुढे समान व्यक्ती म्हणून मान्यता आहे, कलम १९ मध्ये कुठे आणि कुणासोबत राहायचं हे इतरांच्या बरोबरीने ठरवण्याचा हक्क. घरात तो हक्क कसा दिसतो? 'निळा हवा की लाल?' असं विचारून बोलणं संपत असेल तर कळत नाही, कारण काही जण नेहमी शेवटचा शब्दच उच्चारतात. पर्यायांचा क्रम उलटा करून पुन्हा विचारा. वस्तू किंवा फोटो समोर धरा, बोट आणि नजर दोन्ही बघा. भिंतीवरच्या चित्रांचा तक्ता कुणी वापरतं का, ते त्याच्या कोपऱ्यांवरून समजतं. हाताळलेल्या चित्रांचे कोपरे मळतात, वाकतात. कोरे करकरीत कोपरे म्हणजे तक्ता पाहुण्यांसाठी आहे.

पाऊलवाट

रात्रपाळींनी कर्मचाऱ्यांची संख्या काढली, त्यात भर. संख्येइतकंच महत्त्वाचं, गेल्या वर्षभरात किती जण सोडून गेले. न बोलणाऱ्या माणसाची भाषा त्याला ओळखणाऱ्यांच्या डोक्यात असते. डावा हात कानामागे नेला म्हणजे पुरे झालं, गुणगुणणं थांबलं म्हणजे फिट येऊ शकते. कर्मचारी गेला की हा शब्दकोश जातो. म्हणून प्रत्येकाचं एक पान हवं : खूश असतो तेव्हा चेहरा, आवाज, हात कसे असतात, दुखत असतं तेव्हा कसे. रुग्णालयात जाताना हेच पान, औषधांची यादी आणि गिळण्याच्या सूचना सोबत जायला हव्यात, आणि शक्यतो ओळखीचा माणूसही.

पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या वेळा १५-२० मिनिटं एकमेकींवर चढलेल्या असाव्यात. सहाला एक गेला, सहालाच दुसरा आला, तर चार्ज दारातच दिला जातो आणि 'सगळं ठीक' एवढंच सांगितलं जातं. दुपारी कोण जेवला नाही, हे रात्रीच्या माणसाला कळत नाही.

नवखी

सगळे प्रतिसाद वाचून काढले, आभार. घर निवडून झालं आहे, आमच्या माणसाला पुढच्या महिन्यात तिथे हलवायचं आहे. एकदम नेऊन सोडू नये एवढं समजलं. टप्पे कसे करावेत?

पाऊलवाट

ताई, आधी तिथल्या दोन कर्मचाऱ्यांनी तुमच्या घरी यावं, सकाळी उठल्यापासून आंघोळ-जेवणापर्यंत नुसतं बघावं आणि लिहून घ्यावं. मग नव्या घरी तासभर भेट, मग एक जेवण, मग एक पूर्ण दिवस, मग एक रात्र, मग दोन. प्रत्येक टप्प्यानंतर झोप, भूक आणि शौच दोन-तीन दिवस बघा. बिघडलं तर तोच टप्पा पुन्हा. नव्या घराचे, खोलीचे, दोन-तीन कर्मचाऱ्यांचे फोटो आतापासून घरी लावा आणि जायचे दिवस कॅलेंडरवर चित्राने दाखवा. औषधं मूळ पाकिटांत, निदान दोन आठवड्यांचा साठा, आणि वेळा डॉक्टरांच्या सहीच्या कागदावर. फिटची गोळी बदलाच्या दिवशीच चुकते, कारण दोन्हीकडच्यांना वाटतं दुसऱ्याने दिली.

मधुमालती

अंथरूण-पांघरूण नवं कोरं नेऊ नका. रोजचीच चादर, रोजचीच उशी न्या, आणि उशीची खोळ पहिला आठवडाभर धुवू नका असं तिथे सांगून ठेवा. ओळखीचा वास असला की रात्री झोप लागायला मदत होऊ शकते.